चार दिवसांचा चिखल

चिरंजीव फोर बाय फोर गाडी घ्यायची म्हणतात. मी इतिहासाचा मास्तर. मला आधी दुसरे महायुद्ध आठवले. अमेरिकी सैन्याला चिखलातून जायचे होते, म्हणून १९४१ साली विलिसची जीप आली. पुढे महिंद्रांनी तीच आपल्याकडे जोडायला घेतली. २०१० ची थार तिचीच वंशज.

पण चारी चाकांना ताकद द्यायची तर जादा दांडे, जादा गिअर, जादा वजन. ते ओझे डांबरी रस्त्यावरही वाहायचे, म्हणजे तेल जास्त. शिवाय पायरी उंच, आणि हिचे गुडघे दुखतात. चार दिवसांच्या चिखलासाठी तीनशे एकसष्ट दिवसांचा खर्च!

मात्र गेल्या आषाढात गावच्या चढावर आमची गाडी रुतली. थोरल्या भावाचे अंत्यदर्शन हुकले.

म्हटले, घे बाबा. हिच्यासाठी एक स्टूल मी बरोबर ठेवीन.