दोन भिंगांचा कॅमेरा आणि एक पांढरा पट्टा

आजच्या मुलांपुढे दोन भिंगांचा जुना कॅमेरा ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "आजोबा, दोन कशाला?" प्रश्न रास्त आहे. वरच्या भिंगातून फोटोग्राफरने पाहायचं, खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटायचं. वरच्या भिंगामागे तिरका आरसा, त्यामुळे काचेवर माणूस सरळ उभा दिसतो, पण डावं-उजवं बदलून. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून फोटो काढणारा माणूस आमच्या पिढीने भरपूर पाहिला.

जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून १९२९ साली 'रोलायफ्लेक्स' बाहेर पडला आणि या जातीचं नाव जगभर झालं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) १९४२ साली दिल्लीला गेल्या, त्यांच्याही हातात पुढे रोलायफ्लेक्स होता. खेड्यांतल्या स्टुडिओंना तो कुठला परवडायला! तिथे जपानी याशिका आला.

आमच्या धामणगाव बढ्यातल्या स्टुडिओत याशिका-मॅट १२४ जी होता. हे मॉडेल १९७० ते १९८६ या काळात निघालं. एका रोलवर फोटो बारा. रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, हा धंद्याचा हिशेब. दहावीच्या फॉर्मची तारीख जवळ आली की पोरं उरलेले दोन-तीन फोटो संपवायला कुणालाही धरून आणत. (मास्तर म्हणून मीही त्या खुर्चीत बसलेलो आहे.)

स्टुडिओ केव्हाच बंद झाला. त्या घरच्यांनी गेल्या वर्षी कॅमेरा माझ्याकडे दिला, तेव्हा एक सेकंदाचं शटर उघडायचं आणि उघडंच राहायचं. मलकापूरच्या एका घड्याळवाल्यांकडे नेला. त्यांनी कॅमेरा कधी खोलला नव्हता, पण कानाशी धरून म्हणाले, "गुरुजी, यात तर घड्याळासारखीच चाकं आहेत." बरोबरच होतं. शटरचा मंद वेग अशा चाकांवरच चालतो. आमच्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, त्यात वर्षानुवर्षं तेल सुकून डिंक झालं होतं. नवं तेल न घालता त्यांनी चाकं पेट्रोलने धुतली, एवढ्यावर शटर मिटू लागलं. भिंगावरची बुरशी बरीचशी निघाली. आरशाला मात्र मी हात लावू दिला नाही. त्याची चांदी काचेच्या पुढच्या बाजूला असते, फडक्याने पुसली की गेलीच.

मग एक रोल घालून भर उन्हात गावात फोटो काढले आणि धुवायला पुण्याला पाठवले. बाराही फोटोंवर उजव्या कडेपासून आत एक पांढरा पट्टा! मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज कुजून चिकट झाला होता, तिथून उजेड आत शिरत होता.

तो पट्टा मी आधी कुठे पाहिला होता, हे आठवायला दोन दिवस लागले. आमच्या आळीतल्या एका घरात १९८८ सालचा लग्नाचा फोटो आहे, याच स्टुडिओवाल्याने मांडवाबाहेर काढलेला. त्यात नवरीच्या खांद्यावरून असाच पट्टा गेला आहे. वर्षाच्या आत सासरे वारले. मग काय, फोटोतच अपशकुन उमटला होता, असं घरात बोललं गेलं, आणि ते त्या बाईने कितीतरी वर्षं ऐकलं. फोटो मात्र भिंतीवरून कुणी काढला नाही. आपल्याकडे असंच असतं.

जुन्या फोटोंकडे पाहताना आपण कपडे पाहतो, चेहरे पाहतो. यंत्राची दुखणी कोण पाहतो? पण हललेला चेहरा, भुरकट कडा, यांतही त्या काळाची नोंद असते. जवळून काढलेल्या फोटोत डोक्याचा वरचा भाग कापला गेला असेल, तर तिथेही बघणारं भिंग वर आणि टिपणारं खाली असण्याचा संबंध असू शकतो.

स्पंज खरवडून खाचेत काळी लोकर बसवली. दुसरा रोल स्वच्छ आला. दोन्ही रोलांचे फोटो घेऊन मी त्या घरी गेलो, झाकण उघडून खाच दाखवली. बाईंनी नवा फोटो भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला, पट्ट्यावरून बोट फिरवलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "इकडे ये गं, हे बघ."