एक व्हीसीआर, तीन तुकड्या
१९८२च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर; पण ते बहुतेकांना भाड्यानेच परवडत. १९८६ साली दहावीच्या तिन्ही तुकड्यांना ‘गांधी’ दाखवायचा ठरला. विज्ञानाच्या सरांनी ‘अ’च्या वर्गातल्या व्हीसीआरपासून अँटेनाची वायर ‘ब’ आणि ‘क’पर्यंत ओढली, तिन्ही टीव्ही एकाच चॅनेलवर लावले. प्रत्येक फाट्यावर सिग्नल क्षीण होई, आणि आमची ‘क’ शेवटची! आफ्रिकेतली आगगाडी आम्ही मुंग्यांतूनच पाहिली. “सर, आम्ही नेहमी शेवटीच का?” मी विचारून बसलो. सर काही बोलले नाहीत. पहिली कॅसेट संपताच त्यांनी स्वतः व्हीसीआर उचलून आमच्या वर्गात आणला. दांडीयात्रा आम्हाला लख्ख दिसली. मुंग्या ‘अ’कडे गेल्या. (‘अ’वाले हे अजून कबूल करत नाहीत.)