कोकाची पाने आणि परकी हेलिकॉप्टरे

कोलंबियाच्या दक्षिणेस, इक्वादोरच्या सीमेलगत, पुतुमायो नावाचा अरण्यमय प्रांत आहे. तेथील शेतकरी मका किंवा केळी पिकवी, तर बाजारापर्यंत माल नेण्यास धड रस्ता नसे. कोकाची पाने मात्र वर्षातून अनेक वेळा खुडता येत आणि गिऱ्हाईक आपण होऊन दारी येई. अर्थशास्त्राचा हा साधा धडा वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांनी आधी वाचला असता तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते.

या पिकावर कर बसवून 'फार्क' ही १९६४ साली उभी राहिलेली बंडखोर सेना गबर झाली. तिचे वैरी असलेल्या निमलष्करी टोळ्याही याच पैशावर पोसल्या जात. राष्ट्राध्यक्ष पास्त्राना यांनी अमेरिकेकडे साहाय्य मागितले आणि जुलै २००० मध्ये क्लिंटन यांनी सुमारे १३० कोटी डॉलरच्या योजनेवर सही केली. 'प्लान कोलंबिया' ती हीच. कोलंबियाच्या वाट्याची बहुतेक रक्कम हेलिकॉप्टरे, लष्करी शिक्षण आणि पोलिसांवर खर्ची पडली. अमेरिकन सैनिक तेथे ५०० हून अधिक नसावेत, असे बंधन कायद्याने प्रथम घातले होते. २००४ मध्ये ते ८०० वर नेण्यात आले.

आरंभी ही मदत केवळ मादक द्रव्यांविरुद्ध वापरावयाची होती. २००२ मध्ये तो बांध फुटला आणि बंडखोरांवरही ती वापरण्याची मुभा मिळाली. आमच्यापैकी कित्येकांनी लोदजवळच्या विमान कारखान्यात उमेदीची वर्षे घालविली आहेत. तेथेच घडलेली 'क्फीर' विमाने कोलंबियाच्या हवाईदलात होती. तेव्हा हा इतिहास आपणांस अगदीच परका नव्हे.

फार्क खचली, हे मान्य केलेच पाहिजे. २ जुलै २००८ रोजी इंग्रिद बेतांकूर यांच्यासह १५ ओलीस, त्यांत तीन अमेरिकन, एकही गोळी न झाडता सोडविले गेले. परंतु त्याच वर्षी बोगोताजवळच्या सोआचा गावातील माता आपल्या बेपत्ता मुलांचा शोध घेत होत्या. नोकरीच्या आमिषाने दूर नेलेली ती मुले मारून, बंडखोरांचा पोशाख चढवून, सैनिकांनी लढाईत पडलेले शत्रू म्हणून दाखविली होती. मोजलेल्या प्रेतांवर बक्षीस आणि रजा मिळत असे. पुढे शांतता-न्यायासनाने २००२ ते २००८ या काळातील अशा बळींची संख्या ६,४०२ सांगितली.

विमानांतून फवारलेल्या ग्लायफोसेटने कोकाबरोबर भाजीपालाही करपला. इक्वादोरने २००८ मध्ये हेगच्या न्यायालयात दावा लावला. २०१३ मध्ये दीड कोटी डॉलर देऊन तो मिटविण्यात आला. २०१५ साली फवारणी थांबली आणि २०१६ मध्ये फार्कशी तह झाला.

कोकाखालील जमीन २००० साली सुमारे १,६३,००० हेक्टर होती. २०१३ मध्ये ती ४८,००० वर आली आणि २०१७ मध्ये १,७१,००० वर गेली. २०२३ ची मोजणी २,५३,००० हेक्टरची आहे.