कागदाआधीचा आकाशकंदील

बारामतीस कऱ्हेकाठी मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) घरावर दिवाळीत रंगीत कागदाचा कंदील झुलत असेल, असे चित्र श्रोत्यांच्या मनात सहज उभे राहील. ते आम्हांस पुसावेसे वाटते. त्या काळी जुन्नरचा हातकागद दप्तरासाठी जपून वापरीत. पातळ पतंगी कागद स्वस्त झाला तो पुढे, यंत्रांच्या काळात.

दिवा मात्र जुना. कमलाकरभट्टांच्या १६१२ च्या ‘निर्णयसिंधू’त आकाशदीपाचा विधी आहे : घराजवळ पुरुषभर उंचीचा खांब रोवावा, माथ्यावर दोन हात लांबीच्या चार पट्ट्या अष्टदळासारख्या बसवाव्यात, मध्ये मोठा दिवा व दळांवर आठ लावावेत. यात कागद कोठेच नाही. पुढे खांब गेला, आठ दिवे गेले. पट्ट्या तेवढ्या कामट्यांच्या रूपाने उरल्या, असे आम्ही मानतो.

बारामती-इंदापुराकडे घरी कंदील करायला बसले की पहिले काम कामट्यांचेच. चोवीस सारख्या कामट्या, त्यांचे सहा चौकोन, कोपऱ्यास कोपरा दोऱ्याने आवळलेला. मग खळ, कागद, करंज्या, झिरमिळ्या. खळीत मोरचूद घातला की कीड लागत नाही. पोरांनी बोटे मात्र चाटू नयेत! विकतच्या प्लॅस्टिकच्या कंदिलाने कागद हटविला, याचे आम्हांस तितके वाईट वाटत नाही. कागद कालचा पाहुणा. पण त्याबरोबर कामटी तासणेही सुटते, आणि एक कामटी बोटभर आखूड पडली की सबंध कंदील तिरपा होतो, हे पोरांना कळायचे राहून जाते.