दगडातला खोटा जीव

गेल्या पावसाळ्यात मी एक दगड विकत घेतला. इंटरनेटवर, घरबसल्या. धाकटी मुलगी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, तिला काहीतरी द्यायचं होतं. मी साधा बी.ए., कवितेत रमलेला माणूस. सोनं परवडत नव्हतं. म्हटलं, चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा एक जीवच तिच्या हातावर ठेवावा. जाहिरातीत लिहिलं होतं : ट्रायलोबाइट, मोरोक्को, अस्सल.

पार्सल आलं. मुलीनं दगड खिडकीशी नेला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "अब्बा, हा साच्यातून काढलाय." पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण ती सांगायला कचरली, हे जास्त लागलं. त्या दिवसापासून मी या जीवाच्या मागे लागलो.

ट्रायलोबाइट हा समुद्रातला कवचधारी, सांध्यांच्या पायांचा प्राणी. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी त्याचे अवशेष दिसू लागतात आणि २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या महासंहारात त्याचा वंश संपतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात ट्रायलोबाइट सापडायचा नाही. भारतात तो पाहायचा तर स्पितीसारख्या हिमालयातल्या जुन्या खडकांकडे जावं लागतं.

माणसाला त्याची ओढ मात्र जुनी. फ्रान्समधल्या एका गुहेत हिमयुगातल्या माणसानं भोक पाडून गळ्यात घालण्याजोगा केलेला ट्रायलोबाइट मिळाला. त्यावरून गुहेलाच त्याचं नाव पडलं. अमेरिकेत यूटामधले यूट लोक त्याचा ताईत करत. १६९८ मध्ये एडवर्ड लॉइड यांनी वेल्समधल्या एका नमुन्याचं चित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांना तो चपटा मासा वाटला होता. 'ट्रायलोबाइट' हे नाव १७७१ मध्ये योहान वाल्ख यांनी दिलं. ते त्याच्या तीन खंडांवरून आलं. पण हे तीन खंड म्हणजे डोकं, धड, शेपूट नव्हेत. पाठीवरून उभे जाणारे तीन पट्टे, मधला उंच आणि बाजूचे दोन उतरते.

जिथे ओढ आहे तिथे फसवणूक आलीच. १७२५ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गचे प्राध्यापक योहान बेरिंगर यांच्यासाठी पोरं डोंगरावरून दगड आणू लागली. त्यांवर बेडूक, सरडे, इतकंच काय, धूमकेतू आणि हिब्रू अक्षरंही! ती देवाची लीला असावी असं मानून बेरिंगर यांनी १७२६ मध्ये त्यांवर सचित्र ग्रंथ काढला. पुढे चौकशीत निघालं की, रोडरिक आणि एकहार्ट या त्यांच्याच दोन सहकाऱ्यांनी त्यांची खोड मोडायला हा घाट घातला होता. बेरिंगर मूर्ख नव्हते. त्यांना ते दगड खरे हवे होते, इतकंच. मलाही माझा दगड खरा हवा होता.

आज खोट्या ट्रायलोबाइटांसाठी मोरोक्कोचं नाव सगळ्यांत जास्त घेतलं जातं; पण अस्सलही तिथलेच उत्तम. अल्निफ, एरफूद या भागांत कित्येकांचं पोट या खोदकामावर चालतं. खडक हातोड्यानं फोडायचा, फुटलेल्या कडेत कवचाची रेघ दिसली की तुकडे पुन्हा चिकटवायचे आणि मग बारीक हत्यारांनी दगड कणाकणानं उतरवायचा. काट्यांचा एखादा नमुना मोकळा करायला कित्येक दिवस लागतात. साच्यात राळ ओतून तासाभरात 'जीव' काढणारा माणूस माझ्याइतकंच त्या कारागिरालाही लुबाडतो.

मुलीनं मला शिकवलं ते सांगतो. खोटेपणाच्या पायऱ्या असतात. तुटलेला भाग जोडलेला असतो. गेलेला भाग नव्यानं बसवलेला असतो. कधी एकाचं डोकं आणि दुसऱ्याची शेपूट एकत्र येते आणि कधी सगळाच ओतीव माल असतो. पहिल्या दोन गोष्टी सांगून विकल्या तर त्यात लबाडी नाही. संग्रहालयांतही साच्यातल्या प्रती असतात, पण खाली तसं लिहिलेलं असतं. लबाडी राळेत नसते, चिठ्ठीत असते.

खरेदीआधी आपल्या हाती फक्त छायाचित्रं असतात. म्हणून वरून, बाजूनं आणि मागून जवळची छायाचित्रं मागावीत. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसली तर ते हवेचे बुडबुडे असण्याची शक्यता मोठी. माझ्या दगडाचं बिंग त्यांनीच फोडलं. अस्सल मोरोक्कन नमुन्यात पुष्कळदा एक बारीक जोडरेघ खडकातून निघून थेट जिवाच्या अंगावरून जाते. तो हातोड्याचा घाव. मला तो दोष वाटला असता. प्रत्यक्षात तो खरेपणाच्या बाजूचा साक्षीदार. कवच आणि खडक यांचा पोत वेगळा हवा. दोन्हींवर एकच रंग फासल्यासारखा दिसला तर सावध व्हावं. फॅकॉप्स जातीच्या डोळ्यांत भिंगांच्या रांगा सुट्या दिसतात. साच्यात बहुधा त्यांचा लगदा होतो.

त्याच विक्रेत्याचे इतर नमुनेही पाहावेत. दोघांची वाकण्याची तऱ्हा एक, टवका उडालेली जागाही एक, तर दोघांचा बाप साचा. एकाच फरशीवर दहा-बारा मोठे, निर्दोष जीव आणि किंमत मात्र किरकोळ, असं असेल तर हात आखडावा. किती भाग दुरुस्त केला आणि परत घेणार का, हे लेखी विचारावं. वस्तू घरी आल्यावर अतिनील दिव्याखाली धरावी. राळ आणि गोंद दगडाहून वेगळे दिसतात. पण सांध्यातला गोंदही तसाच दिसतो, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

आणि ठिकाण जरूर विचारावं. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की, हिमालयातले म्हणून भारतात वर्षानुवर्षं नोंदवलेले अनेक जीवाश्म मुळात परदेशातले आहेत. काही थेट एरफूदचे. जीवाश्म अस्सल, पत्ता खोटा! पत्ता खोटा ठरला की त्यावर आधारलेला पर्वताचा इतिहासच डळमळतो. केवढे शोधनिबंध पुन्हा तपासावे लागले! माझे गेले ते थोडे रुपये. तिथे एका देशाच्या भूशास्त्राची पत पणाला लागली.

नंतर आम्ही दोघांनी मिळून दुसरा घेतला. यूटाचा एल्राथिया, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. तो तिथे इतका मुबलक सापडतो आणि इतका स्वस्त असतो की, नक्कल करणाऱ्याचे कष्टही वसूल होऊ नयेत. नवख्यानं सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

पहिला दगड मी फेकणार होतो. मुलीनं फेकू दिला नाही. तो तिच्या टेबलावर आहे. खाली तिनं चिठ्ठी चिकटवली आहे : 'राळेची प्रत. मूळ ठिकाण अज्ञात. अब्बांकडून भेट.' आता त्या दगडात खोटं काही उरलेलं नाही.