चिपळूणची गटसहल : भरती-ओहोटीचे गणित

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या कोकणच्या गटसहलींमध्ये चिपळूणचा मुक्काम अनेकदा असतो. मुंबई-गोवा महामार्ग व कोकण रेल्वे या शहरातून जातात, कुंभार्ली घाट त्याला कऱ्हाडशी जोडतो आणि गुहागरचा किनारा सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. वाहन, भोजन व निवासाची चिंता आयोजकावर सोपवता येत असल्याने ज्येष्ठ नागरिक व लहान मुलांसह जाणारी कुटुंबे गटसहलीला पसंती देतात. मात्र या भागात घड्याळापेक्षा समुद्राचे वेळापत्रक अधिक महत्त्वाचे ठरते.

काय पाहाल?

शहराच्या उत्तरेस डोंगरावरील परशुराम मंदिराची उभारणी अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामींच्या पुढाकाराने झाली. गाभाऱ्यात काळ, काम व परशुराम अशा तीन मूर्ती आहेत. वाशिष्ठीच्या काठी गोवळकोट किल्ला व करंजेश्वरीचे देवस्थान आहे. सावर्डे परिसरातील डेरवणची शिवसृष्टी मुलांना आवडते. १८६४ मध्ये स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर सहलींच्या यादीत क्वचितच आढळते. अर्धा तास काढून ते अवश्य पाहावे. गुहागरचा व्याडेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश आणि तेथील बामणघळ यांसाठी स्वतंत्र दिवस हवा.

वेळेचे गणित

वाशिष्ठीच्या खाडीतील मगरी हे अलीकडचे मोठे आकर्षण. ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडतात आणि हिवाळ्यात मगरी तेथे ऊन खात पहुडतात. भरतीत गेलेल्या होडीला बहुधा केवळ पाणीच दिसते. बामणघळीचे नेमके उलट आहे. खडकातील त्या अरुंद भेगेत लाटांचे पाणी उंच उसळते ते भरतीच्या वेळी.

भरती व ओहोटी यांत सुमारे सहा तासांचे अंतर असते आणि त्यांच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. कोकणात यासाठी सोपा ठोकताळा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला ही वेळ पावणेचारची येते. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी असते; खाडीत आतवर ती किंचित उशिरा पोहोचते. म्हणजे सकाळी मगरी व दुपारी बामणघळ असा क्रम जुळतो. एकादशीला भरती सव्वाआठला येत असल्याने हाच क्रम उलटा करावा लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दिवसाची भरती दुपारच्या आसपास येते आणि एका दिवसात दोन्ही साधणे कठीण होते. म्हणूनच प्रत्येक तारखेला एकच छापील वेळापत्रक देणाऱ्या सहलीबाबत सावध राहावे.

पावसाळ्यात जाताना

पावसाळ्यात परशुरामजवळचा सवतसडा धबधबा भरभरून वाहतो, परंतु याच दिवसांत धोकाही मोठा असतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि २२ जुलै २०२१ रोजी शहर महापुरात बुडाले. २०२२ च्या पावसाळ्यात दरडींमुळे परशुराम घाटातील वाहतूक काही काळ बंद ठेवावी लागली. निसर्गदर्शनाबरोबर खाडीतील होडीही हवी असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

* होडीची वेळ त्या दिवसाची ओहोटी पाहून ठरवली आहे काय? प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मिळणार काय?
* होडीचे भाडे व प्रवेशशुल्क सहलीच्या दरात धरले आहे काय?
* अतिवृष्टीमुळे सहल रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल? हे लेखी घ्यावे.
* एका दिवसात किती ठिकाणे आहेत? चारहून अधिक असल्यास बहुतेक वेळ गाडीतच जाईल.
* मंदिरे व किल्ल्यावरील पायऱ्या न झेपणाऱ्यांची सोय काय?

बामणघळीच्या कडेचे खडक शेवाळामुळे निसरडे असतात. गट पुढे गेला म्हणून घाई करू नये आणि छायाचित्रासाठी कडेवर जाऊ नये. खाडीकाठी पाण्यात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रेल्वेने जाणाऱ्यांनी ६० दिवस आधी आरक्षण खुले होताच तिकिटे काढावीत. मात्र तारीख निश्चित करण्यापूर्वी पंचांगातील तिथी जरूर पाहावी.