लोकल फंड आणि ग्रामसुरक्षा : मेहरूणच्या संदर्भात

खानदेशातील स्थानिक कारभाराचा आर्थिक पाया शेतसाऱ्यावरील उपकराने घातला. १८६९ च्या कायद्यान्वये साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई. त्याचा दोनतृतीयांश भाग मुख्यत्वे रस्त्यांवर व एकतृतीयांश शिक्षणावर खर्ची पडे. पैसा मेहरूणसारख्या गावांचा, निर्णय मात्र कलेक्टरच्या अध्यक्षतेखालील समितीचा. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांत निर्वाचित सभासद आले, तरी सुरक्षेचा विषय बोर्डाकडे आला नाही. अमेरिकेत काउंटीचे निर्वाचित आयुक्त शेरीफच्या खात्याचा खर्चही मंजूर करतात. येथे १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानुसार बंदोबस्त पोलीस पाटलाकडे होता आणि तो जिल्हा दंडाधिकाऱ्यास जबाबदार होता. स्वराज्य म्हणायचे ते रस्ते व शाळांपुरतेच!

पाण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. जळगाव नगरपालिकेची स्थापना १८६४ ची. पुढे शहराला मेहरूणच्या तलावाचे पाणी मिळू लागले. परंतु नगरपालिकेच्या कारभारात हद्दीबाहेरील गावाला मत नव्हते. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, त्यांच्याकडेही पोलीस आले नाहीत. २००३ मध्ये जळगाव महानगरपालिका झाली. मेहरूण आज तिच्या हद्दीत आहे. घरपट्टी, पाणीपट्टी तिच्याकडे जाते, पोलीस ठाणे राज्य शासनाकडेच आहे.